प्रतिसाद: दंडाआधी शिकवा

वर कुणीतरी प्रदूषणाच्या नियमांबद्दल लिहिलंय, ‘कारखानदारांना नियम पाळायचेच नसतात, दंड लावा.’ हे मला पटत नाही. सोलापुरातल्या अक्कलकोट रोडच्या चादर-टॉवेलवाल्यांपैकी, निदान माझ्या ओळखीतल्या छोट्या मालकांना, नियम कुणी समजावूनच सांगितलेले नाहीत. प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र (कारखाना चालवायची परवानगी) एकदा घेतलं की संपलं, असा समज. मग दरवर्षी ३० जूनच्या आत घातक कचऱ्याचं विवरण आणि ३० सप्टेंबरच्या आत पर्यावरण विवरणपत्र भरायचं असतं, हे एजंटचं बिल आल्यावर कळतं.

प्रशिक्षण सभागृहात नको, रंगखान्यात हवं. सोडा घालून सूत रंगवलं की उरलेल्या पाण्याचा पीएच (आम्ल-क्षार मोजायचं माप) सहज दहाच्या वर जातो. कापड कारखान्यांना पाणी बाहेर सोडायची मर्यादा ६.५ ते ८.५. हौदात पीएचची पट्टी बुडवून तिचा रंग पालटताना दाखवला की कामगाराच्या डोक्यात पक्कं बसतं. आणि हो, शहराच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारे बरेच, तिथे हे तेलुगूतूनही सांगायला हवं, नुसतं मराठी परिपत्रक तिथे पोचत नाही.

महापालिकेच्या झोनमधल्या आरोग्य निरीक्षकांनाही याच वर्गात बसवा. नाल्यातलं रंगीत पाणी आधी त्यांनाच दिसतं.