जुन्या ट्यूबलाइट आणि सीएफएल दिवे पुण्यात कोठे द्यावेत? मदत हवी आहे

नमस्कार.

आमच्या सोसायटीच्या जिन्यांत आणि वाहनतळात एलईडी दिवे बसवल्यानंतर काढलेल्या चार फुटी ट्यूबलाइट आणि सीएफएल दिवे पंपाच्या खोलीत साठवून ठेवले आहेत. भंगारवाल्याने लोखंडी पट्ट्या आणि तांब्याचे चोक लगेच नेले, नळ्या मात्र नाकारल्या. काही सभासदांच्या मते त्या रोज थोड्या थोड्या सुक्या कचऱ्यात टाकाव्यात. मला हे अजिबात मान्य नाही, कारण आमचा सुका कचरा 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई हाताने वेगळा करतात. नळी फुटली तर काच लागतेच, शिवाय आतल्या पाऱ्याची वाफ त्यांच्या श्वासात जाते. एका सीएफएलमध्ये पारा जेमतेम काही मिलिग्रॅम असतो हे खरे, परंतु वर्षानुवर्षे अनेक घरांचा कचरा हाताळणाऱ्या व्यक्तीला ते सांगून काय उपयोग?

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी सीएफएल आणि ट्यूबलाइट यांची गणना घरगुती घातक कचऱ्यात केली होती आणि असा कचरा स्वीकारण्यासाठी दर २० चौरस किलोमीटरमागे एक केंद्र उभारण्याची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकली होती. असे चालू असलेले केंद्र आपल्यापैकी कोणी प्रत्यक्ष वापरले आहे का? मी ज्या ई-कचरा संकलकांकडे चौकशी केली, त्यांना संगणक आणि मोबाइल हवे होते, नळ्या नको होत्या. नळ्या स्वीकारून त्यांतील पारा वेगळा काढणाऱ्या प्रकल्पापर्यंत पोहोचवणारा आणि तशी लेखी पावती देणारा अधिकृत संकलक माहीत असल्यास कृपया कळवावे. शुल्क द्यावे लागले तरी मी ते सभेपुढे मांडेन.

तोपर्यंत नळ्या नव्या दिव्यांच्या पुठ्ठ्याच्या वेष्टनांत घालून ठेवल्या आहेत. एखादी फुटलीच, तर खिडक्या उघडून, पंखा बंद करून किमान दहा मिनिटे बाहेर थांबावे, झाडू न वापरता तुकडे जाड पुठ्ठ्याने गोळा करावेत, बारीक भुकटी चिकटपट्टीने उचलावी आणि सर्व काही घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरावे, असे रखवालदारांना समजावून सांगितले आहे. यात काही राहिले असल्यास सुचवावे.

बिघडलेल्या एलईडी दिव्यांत पारा नसतो, पण इलेक्ट्रॉनिक भाग असतात, म्हणून ते ई-कचऱ्यात देणार आहे. अडचण नळ्यांचीच आहे. चार फुटी नळ्या न फुटता टेम्पोतून कशा न्याव्यात, याचा अनुभव इतर शहरांतील सोसायट्यांनी सांगितला तरी उपयोगी पडेल.