मदत हवी आहे: मका, घेवडा, भोपळा एकत्र लावायचेत, वाण कोणते घेऊ?

मंडळी, नमस्कार. आम्ही न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूजजवळ राहतो. घरामागे 12 बाय 12 फुटांचा भरपूर उन्हाचा तुकडा मोकळा आहे. यंदा तिथे मका, वेलघेवडा आणि भोपळा एकत्र लावायचं ठरवलंय. हा सगळा मुलूख होडेनोशोनी या मूळनिवासी लोकांचा. त्यांच्यातल्या ओनोंडागांची वस्ती आजही शहराच्या दक्षिणेला आहे. ते या पिकांना तीन बहिणी म्हणतात. त्यांच्याच मातीत लावायचं तर पद्धत नीट समजून लावावी असं मनापासून वाटतंय.

मक्याच्या ताटावर घेवडा चढतो, भोपळ्याची पानं जमीन झाकून ओल धरतात, तण दाबतात, इथपर्यंत कळलं. अडलंय ते वाणांपाशी. मुलांना स्वीट कॉर्नच हवाय. पण त्याची कणसं कोवळी असताना, ऑगस्टमध्येच काढावी लागणार. तोवर खाली भोपळ्याचे वेल पसरलेले, मग आत पाय ठेवायचा कुठे? शिवाय ते नाजूक ताट घेवड्याचं ओझं पेलेल का?

घरात इंडियन ग्रोसरीतून आणलेलं वालपापडीचं बी आहे, घेवड्याऐवजी तेच लावलं तर? आणि शेजारच्या काकूंची झुकिनी, तीही भोपळ्याच्याच कुळातली, दर जुलैत एकाएकी कोमेजते, खोडात अळी सापडते. भोपळ्याचं तसं होऊ नये म्हणून काय करू?

प्रतिसाद

ताई, तुमची अडचण स्वीट कॉर्नमुळेच आहे. या पद्धतीतला मका वाळवून साठवायचा, घेवडा दाण्यांसाठी, भोपळाही जाड सालीचा, हिवाळाभर टिकणारा. तिन्ही जागेवरच पिकतात आणि काढणी शरद ऋतूत होते, त्यामुळे भर हंगामात आत शिरावंच लागत नाही. म्हणून मी तरी फ्लिंट, म्हणजे कडक दाण्याचा मकाच लावेन. त्याचं ताट दणकट असतं, वेल पेलतं. मुलांसाठी कणसं फार्मर्स मार्केटमधून आणा. दोन्ही मके शेजारी लावायचा मोह मात्र टाळा. एकाच वेळी फुलोऱ्यावर आले तर फ्लिंटचे परागकण स्वीट कॉर्नवर पडून त्याच वर्षीचे दाणे पिठूळ होतात.

वालपापडी नको. वालाच्या बऱ्याच जाती दिवस लहान व्हायला लागल्यावरच फुलतात. तुमच्याकडे शेंगा धरेपर्यंत फ्रॉस्ट येऊन ठेपेल. सरळ वेलघेवडा घ्या, बुटका नको.

भोपळ्यात बटरनट लावा. तो आपल्या लाल भोपळ्याच्याच जातकुळीतला, खोड भरीव, त्यामुळे खोडातली अळी त्याला सहसा जमीनदोस्त करत नाही.

फ्रॉस्टचा धोका टळला आणि माती 60 फॅरनहाइटच्या वर गेली की चार-चार फुटांवर मातीचे उंचवटे करून प्रत्येकात मक्याचे 4-5 दाणे टोका. एका लांब ओळीत लावू नका. परागीकरण वाऱ्यावर होतं आणि कणसाच्या प्रत्येक केसामागे एक दाणा असतो. परागकण पोचले नाहीत तर कणीस बोळकं राहतं. रोपं चार-सहा इंचांची झाली की घेवडा, त्यानंतर आठवड्याने भोपळा. घाई केली तर घेवडाच मक्याला खाली ओढेल.

आणि कंपोस्ट भरपूर घाला. घेवड्याच्या मुळांवरच्या गाठी नत्र बांधतात हे खरं, पण त्यातलं बरंचसं तो स्वतःच वापरतो. मक्याला त्याच हंगामात फार थोडं मिळतं. काढणीनंतर घेवड्याची मुळं उपटू नका, जमिनीतच कुजू द्या.

धागाकर्ती

फार उपयोगी माहिती दिलीत, मनापासून आभार. फ्लिंटचं नक्की केलं, दळून भाकरीही करता येतील. या हिशोबाने माझ्याकडे 9 उंचवटे बसतात. बटरनट फक्त चार कोपऱ्यांत लावून वेल बाहेर हिरवळीवर सोडले तर मधली जमीन उघडी राहील का? की एक वेल मध्येही लावू? आणि रॅकूनपासून कणसं कशी राखता तेही कुणी सांगा, ते इथे रोज रात्री कुंपणावर असतात.