‘विसर्जन’ की ‘मोडणे’?

मडगावहून: गणपतीच्या चित्रशाळेवरच्या (म्हणजे मूर्ती घडवतात त्या जागेवरच्या) मजकुरात वाक्य आहे: ‘न जमलेली मूर्ती कारागीर विसर्जित करतो आणि नव्याने श्रीगणेशा करतो.’ ‘विसर्जित’ इथे बसतं का?

फोंड्याहून: नाही बसत. धातू ‘सृज्’, अर्थ सोडणे आणि निर्माण करणे, दोन्ही. म्हणून सर्जन आणि विसर्जन सख्खी भावंडं. (‘सृजन’ रूढ झालाय खरा, पण संस्कृतच्या नियमाने ‘सर्जन’च.) तरी व्युत्पत्तीवरून वापर ठरत नाही. आधी आवाहन, प्राणप्रतिष्ठा, मगच विसर्जन. विधानसभासुद्धा स्थापन झालेलीच विसर्जित होते. घडता घडता बिघडली ती मूर्ती मोडतात.

मडगावहून: चवथीच्या विषयात ‘मोडली’ कानाला खटकतं हो. नुकसान झाल्यासारखं.

डिचोलीहून: नुकसान कसलं? कच्ची चिकणमाती वाया जात नाही. हाताच्या सांध्याला तडा गेला की लिंपून भागत नाही: सुकलेल्या भागावर ओली माती लावली तर ओलीच तेवढी आकसते आणि तडा पुन्हा तिथेच उघडतो. त्यापेक्षा मोडलेली बरी. मात्र मोडल्या मोडल्या पाण्यात टाकू नये. अर्धओल्या मातीत पाणी शिरत नाही, गुठळ्या राहतात. काड्या, तार काढायची, रंग लागला असेल तर खरवडायचा, बारीक तुकडे करून उन्हात अगदी कडक वाळवायचे. मग तुकडे बुडतील एवढं पाणी. ढवळायचं नाही, कोरडी माती आपली आपण फुटून खाली बसते. दुसऱ्या दिवशी वरचं पाणी ओतून द्यायचं, गाळ कापडावर पसरायचा, हाताला चिकटेनासा झाला की मळायचा. प्लास्टर ऑफ पॅरिसचा तुकडा त्यात जाऊ देऊ नका. तो भिजून मऊ होत नाही, खडे राहतात आणि सगळी माती बिघडते.

फोंड्याहून: मग वाक्य सरळच लिहा: ‘न जमलेली मूर्ती मोडून कारागीर तीच माती पुन्हा मळायला घेतो.’ गणपतीच्या मूर्तीवर ‘श्रीगणेशा’ ही ओढूनताणून केलेली कोटी आहे, काढा.

मडगावहून: ‘पहिले पाढे पंचावन्न’ चालेल?

फोंड्याहून: छे! त्यात वैताग आहे: एवढा खटाटोप करून गाडी परत तिथेच. इथे कारागीर स्वतःहून मागे येतोय.

डिचोलीहून: आणि पुढे कुंभाराच्या मडक्याबद्दल लिहिणार असाल तर ‘पुन्हा मळतो’ फक्त कच्च्या मडक्याला लावा. भट्टीत भाजलेलं खापर कितीही भिजवलं तरी त्याची माती होत नाही.