रुळांवरची तोफ
बस्टर कीटनच्या 'द जनरल' या विनोदी मूकपटातली (१९२६) रुळांवरची तोफ निव्वळ विनोदासाठी घुसडलीय, हे काही पटलं नाही. कथा अमेरिकेतल्या यादवी युद्धातली, १८६२ची, आणि त्याच वर्षी जूनमध्ये सॅव्हेज स्टेशनच्या लढाईत दक्षिणेकडच्या राज्यांच्या सैन्याने खरोखरच रेल्वेच्या वाघिणीवर ३२ पौंडी तोफ चढवून आणली होती. तोंडाकडून दारू ठासणंही अगदी बरोबर. सिनेमात पहिल्यांदा गडी भाजीत मीठ घालावं तशी चिमूटभर दारू घालतो आणि गोळा टुणकन येऊन त्याच्याच इंजिनात पडतो! मग दारूचा अख्खा डबाच रिकामा करतो. मला खटकते ती वात. तोवर बहुतेक तोफा दोरीला हिसका देऊन, घर्षणाने पेटणाऱ्या नळीवर डागत. अर्थात वात जळत असताना गड्याचा पाय अडकल्याची धांदल दोरीत कुठून आणणार म्हणा.