प्रतिसाद: जाताना जास्त वेळ का?

वर विचारलंय, मुंबई-लंडन अंतर तेच, मग जाताना तासभर जास्त का? पृथ्वी फिरते म्हणून नव्हे. हवाही तिच्यासोबतच फिरते. खरं कारण वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, जेट स्ट्रीम म्हणतात त्यांना. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. अंतर सरळ मोजलं तर सुमारे ७,२०० किमी.

आईला बहिणीकडे पाठवताना मी हे सगळं शोधलं होतं. सोलापूरहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईच्या साडेचारशे किलोमीटरला रात्र जाते, आणि तिथून लंडन नऊ-दहा तासांत! तिकिटावरच्या वेळा मात्र स्थानिक असतात. हिवाळ्यात साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार तासांचा फरक धरूनच हिशोब करा.