परदेशात नोटा बदलताना आलेले अनुभव

कपाट आवरताना एक पाकीट सापडलं. आत क्रोएशियाच्या कुना (तिथलं जुनं चलन) आणि ॲडम स्मिथचं चित्र असलेली वीस पौंडांची कागदी नोट. त्या बघितल्या आणि विमानतळावरची ती खिडकी आठवून पुन्हा चिडचिड झाली. भली मोठी पाटी, 'कमिशन नाही'. रात्रीची वेळ, सोबत सासूबाई, टॅक्सीला रोख पैसे हवेत. युरो दिले. हातात आलं ते सकाळी बघितलेल्या दरापेक्षा बरंच कमी. विचारलं तर काचेमागच्या मुलीने फलकाकडे बोट दाखवलं. दोन रकाने: आम्ही विकतो, आम्ही घेतो. कमिशन खरंच नव्हतं, सगळी कमाई त्या दोन आकड्यांमधल्या फरकात! ही दिशाभूलच आहे, माझं ठाम मत. तेव्हापासून मी एकच विचारते, "एवढे दिले तर सगळं कापून हातात किती येतील?" आकडा कागदावर लिहून घेते, मगच नोटा सरकवते. दमलेल्या माणसाकडून असे पैसे काढणं फार खुपतं मला. तुमचेही अनुभव येऊ द्या.

*

अगदी अगदी! प्रागला आमचं हेच. फलकावरचा छान दर मोठ्या रकमेसाठी, ते बारीक अक्षरात. पण बहिणीला नियम माहीत होता: २०१९ पासून तिथे हजार युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो. पावती घेऊन तशीच परत गेली. माणूस कुरकुरला, पण युरो परत दिले. पावती टाकू नका कुणी. आणि रस्त्यात कुणी चांगला दर देतो म्हणाला तर थांबूच नका. बेलारूसचे बाद झालेले जुने रूबल हातात टेकवतात, नवख्याला काय कळणार.

*

बहीण भारी आहे तुमची.

*

म्यानमार. नोट कोरी करकरीत हवी. मधोमध घडीची रेघ, कोपऱ्यात पेनाचा ठिपका, झालं, परत. ह्यांनी सगळे डॉलर वहीत सपाट ठेवून नेले होते, तरी एक नोट उजेडात धरून धरून बघितली आणि नाकारली. अमेरिकेत १८६१ पासूनची नोट अजून चालते, आणि इथे जरा जुन्या छपाईची, चित्रातला चेहरा लहान असलेली असली तरी नको. शंभरची होती हो. जीव जळतो.

कुकर झाला, नंतर लिहिते.

*

जळणारच ताई. धड चांगली नोट असून कुणी घेत नाही म्हणजे काय.

*

अर्जेंटिनाचं कुणी लिहिलं नाही? ब्युनोस आयर्सच्या फ्लोरिडा रस्त्यावर पावलोपावली "काम्बिओ, काम्बिओ" (पैसे बदला) अशा हाका. शंभर डॉलरच्या नोटेला एक दर, वीसच्या नोटेला त्याहून कमी. डॉलर तोच ना? तेव्हा सरकारी दर आणि बाजारातला दर यांत प्रचंड तफावत होती, त्यामुळे बँकेत बदलणारा सरळ नुकसानीत. २०२५ च्या एप्रिलमध्ये निर्बंध सैल केल्यावर ती तफावत बरीच मिटली. तिथल्या लोकांचं वाईट वाटतं मात्र. आपण आठवडाभर वैतागतो, त्यांचा पगारच त्या पेसोत.

*

धागाकर्त्या ताई, त्या कुना टाकू नका! २०२३ पासून तिथे युरो आला, पण क्रोएशियाची मध्यवर्ती बँक नोटा कायम बदलून देते. नाण्यांची मुदत २०२५ अखेर संपली. पौंडाची कागदी नोटही दुकानात २०२२ पासून चालत नाही, पण बँक ऑफ इंग्लंड टपालानेसुद्धा बदलून देते.

*

किती छान माहिती दिलीत दादा! नाणी एवढीशीच आहेत, ती राहू देत. पौंडाचं बघते, दीर लंडनलाच आहेत.

*

लंडनवरून आठवलं. स्कॉटलंडमधून येताना तिथल्या बँकांनी छापलेल्या नोटा उरल्या. लंडनच्या एका दुकानाने घेतल्या नाहीत, पुढच्या देशातल्या खिडकीवर तर हातही लावला नाही. पौंडच आहेत हो, म्हणून सांगून थकलो. ब्रिटन सोडायच्या आत खर्च करा किंवा बँकेत बदलून घ्या.

*

ट्युनिशियाचे दिनार देशाबाहेर नेताच येत नाहीत. उरलेले परत बदलायला आधी बदलल्याची पावती मागतात. आमच्याकडे होती म्हणून निभावलं. आमच्या पुढच्या आजोबांकडे नव्हती, बिचारे नोटा हातात घेऊन नुसते उभे. दरवाजापर्यंत आलेल्या माणसाला असं अडवू नये.

*

मी हल्ली कार्डच वापरतो. पण तिथेही मशीन विचारतं, तुमच्या चलनात घेऊ का? नाही म्हणायचं, नेहमी. त्या देशाच्याच चलनात द्यायचे, नाहीतर तोच वाईट दर मशीनमधून लागतो. एटीएमवरही हाच प्रश्न येतो.

*

हो, आणि विक्रेता आपल्याला न विचारता स्वतःच बटण दाबतो कधीकधी. रक्कम वाचल्याशिवाय पिन टाकू नका.

*

अवांतर: दादा, तुमच्या अर्जेंटिनाच्या प्रवासवर्णनाचा पुढचा भाग कधी? पाटागोनियात सोडून गेलात आम्हाला.

*

लिहितो लिहितो, मुलीची परीक्षा चालू आहे.

*

धागा वेळेवर आला, उद्या हनोईला निघतेय. काही सूचना?

*

शून्यं मोजा ताई! वीस हजाराची आणि पाच लाखाची, दोन्ही नोटा निळ्या. अंधारात टॅक्सीत बसून पैसे देताना फार गोंधळ होतो. पाच लाखाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा आणि देताना आकडा मोठ्याने म्हणा. विमान किती वाजता?

*

पहाटे. बॅगा अजून उघड्याच आहेत. कप्पे आत्ताच करते, खूप आभार!