पाण्याचा ताळेबंद: ग्रामसभेच्या ठरावानं पीक बदलतं का?

कोरडवाहू
हिवरे बाजार या गावात पावसाळा सरला की ग्रामसभेत पाण्याचा हिशोब मांडतात, मगच रब्बीचं ठरतं. माझ्या मते प्रत्येक दुष्काळी गावानं नवा बंधारा मागण्याआधी हे करावं. गणित चौथीच्या पोराचं आहे. 1 हेक्टरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 10 हजार लिटर. 1000 हेक्टरच्या शिवारात 450 मिमी पडला तर 450 कोटी लिटर. हुरळू नका, बहुतेक उडतं, वाहतं, मातीत राहतं. काळ्या पाषाणात 10 टक्के मुरलं असं धरा, म्हणजे 45 कोटी. 2000 माणसांना दिवसाला 55 लिटरनं वर्षाचे 4 कोटी, जनावरांना दोनेक कोटी. उरले 39. कांद्याला हेक्टरी साधारण 60 लाख लिटर लागतात, म्हणजे 65 हेक्टर कांदा. ऊस लावला तर हेक्टरी 2 कोटी, वीस हेक्टरांच्या आत खेळ खलास. गावानं हा फळा चावडीवर लावावा.

सातबारा
फळा लावा हो, पुसायला वेळ लागत नाही. 1882 च्या सुखाधिकार कायद्यापासून जमिनीखालचं पाणी उपसायचा हक्क जमीनमालकाचा. 2009 च्या भूजल कायद्यानं पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत विनापरवानगी विहीर घेता येत नाही, पण ठरावाला न जुमानता ऊस लावणाऱ्याला ग्रामपंचायत काय करणार? आणि ठराव होतो कसा तेही बघा. कोरम 15 टक्के मतदार किंवा 100, यातला जो कमी तो. तेवढे जमले नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमच नाही. पंचवीस डोक्यांनी हात वर करायचे, मोठे बोअरवाले घरी.

निरीक्षण विहीर
दोघंही 10 टक्क्यांवर कसे गप्प? खडक सच्छिद्र की अखंड, यावर तो आकडा निम्मा किंवा दीडपट होतो. आठ-दहा विहिरी निवडा, कठड्यावर रंगाची खूण करा, त्या खुणेपासून मेअखेर आणि ऑक्टोबरात टेप सोडा. मोजायचं पहाटे, रात्रभर मोटारी बंद ठेवून. पंप चालू असताना मोजलेली पातळी एक-दोन मीटर खोल दिसते आणि सगळा ताळेबंद बिघडतो. पडताळा असा: 1000 हेक्टर, पातळीची सरासरी चढ 2 मीटर, खडकाची पाणी देण्याची क्षमता 2 टक्के, म्हणजे 40 कोटी लिटर. दोन्ही रीतींत फार फरक आला तर आधी पावसाचा आकडा तपासा. तो बहुधा दूरच्या महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचा असतो. (शिवाय पाणलोटाला गावाची शीव माहीत नसते. वरच्या गावानं उपसलं तर खालच्याचा ठराव कोरडा.)

कोरडवाहू
सातबारा, हक्क जमिनीला चिकटवायचा हा नियम दगडावरची रेघ नाही. विलासराव साळुंखे यांनी पुरंदरच्या नायगावात सत्तरच्या दशकात पाणी पंचायत मांडली, त्यात पाणी माणशी होतं: डोई अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, ऊस नाही. योजनेच्या खर्चातले 20 टक्के लाभधारकांचे.

सातबारा
उदाहरण चांगलं, पण माझ्याच बाजूचं. तिथं उपशाची मोटार एक आणि चावी गटाच्या हातात. इथं दोनशे बोअर, दोनशे स्टार्टर. वर अनुदानाची शेततळी! ओढ्याचं पाणी अडवायला आलेलं तळं प्लास्टिक अंथरून बोअरनं भरतात. 30 बाय 30 मीटरच्या तळ्यातून उन्हाळ्यात दिवसाला 7 मिमी उडालं तरी 6300 लिटर गेले. जमिनीखाली झाकलेलं पाणी वर काढून वाळवायचं, याला काय म्हणावं?

कोरडवाहू
हे मान्य. ताळेबंदात "बोअरनं भरलेली तळी" हा रकाना घालायलाच हवा. पण दोनशे स्टार्टरांचं उत्तर दोनशे पोलिस नाही. एकाच झऱ्यावरचे पाच-सहा विहीरवाले गटानं बसवा, एकच पाइपलाइन, पाळी ठरलेली, आणि ठिबकच्या अनुदानाची शिफारस त्या गटालाच.

निरीक्षण विहीर
त्यात एक अट घाला: ठिबकनं वाचलेल्या पाण्यावर क्षेत्र वाढवायचं नाही. ही अट नसली की ठिबकनंतरही उपसा तेवढाच राहतो, फक्त हिरवा पट्टा रुंद होतो.

सातबारा
आणि ती अट मोडली तर? दंड गटानं घ्यायचा की ग्रामपंचायतीनं? हे आधी लिहा, मग माझा हात वर.